काटकसरी माणूस नागरिक म्हणून कमी पडतो का?

प्रश्न : गेली अनेक वर्षे मी मिळकतीचा जवळपास तिसरा हिस्सा शिल्लक टाकत आलो आहे. माझ्या मेहुण्यांचे म्हणणे असे, की सगळेच असे मूठ आवळून बसले तर बाजार चालायचा कसा. खर्च करणारा माणूसच देशाच्या उपयोगी पडतो. माझी सवय नागरिक म्हणून चुकीची समजावी काय?

उत्तर : मेहुण्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. त्यामुळे मंदीत सर्वांनी एकाच वेळी हात आखडता घेतला, तर विक्री घटते, रोजगार जातात आणि ज्या बचतीसाठी हा खटाटोप केला तीही एकूणात वाढत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये मांडले. मात्र हा इशारा पडत्या काळातील सामुदायिक वर्तनाविषयी आहे. एकट्यादुकट्याने उधळपट्टी करावी, असा त्याचा अर्थ होत नाही. (उसनवारीवर खर्च करणारेही हा युक्तिवाद फार आवडीने वापरतात, हे जाता जाता सांगतो.)

बचतीला सामाजिक बाजू नाही असेही नाही. स्कॉटलंडमधील रथवेल या गावी हेन्री डंकन या धर्मोपदेशकाने १८१० मध्ये बचत बँक काढली, ती मजुरांसाठी. आजारपणात किंवा म्हातारपणी त्यांना दानधर्मावर विसंबावे लागू नये, हा तिचा हेतू होता. स्वतःची अडचण स्वतः निभावणारा माणूस सार्वजनिक मदत खऱ्या गरजूसाठी मोकळी ठेवतो. शिवाय बँकेतील ठेव नुसती पडून राहत नाही. तिच्या आधारे इतरांना कर्जे मिळतात. घरात दडवलेल्या नोटांचे तसे नाही.

मला मात्र आपण किती वाचवता यापेक्षा ते कोठून वाचवता, हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कर चुकवून, पैसे वाचावेत म्हणून पावतीविना व्यवहार करून, घरी कामाला येणाऱ्या व्यक्तीचे वेतन लांबवून किंवा आईवडिलांचा औषधोपचार पुढे ढकलून जी रक्कम उरते, तिला मी बचत म्हणणार नाही. ते दुसऱ्याचे देणे आपल्या खात्यात थांबलेले असते. अडीनडीसाठी तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम सहज हाती येईल अशी ठेवावी, हा सर्वसाधारण सल्ला आपण बहुधा केव्हाच पाळला असेल. तो तिसरा हिस्सा आपण सगळी देणी भागवण्याआधी बाजूला काढता की नंतर, हे मात्र पत्रावरून कळले नाही.