जुनी ॲल्युमिनियमची बोट: रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा

प्रश्न: काका नमस्कार, आम्ही मिनेसोटात रोचेस्टरजवळ राहतो. शेजारच्या आजोबांनी घर विकायला काढलं तेव्हा गॅरेजमागे पडून असलेली त्यांची १४ फुटी ॲल्युमिनियमची बोट ट्रेलरसकट आम्हाला जवळपास फुकटच देऊन टाकली. रिव्हेटवाली आहे (म्हणजे पत्रे धातूच्या खिळ्यांनी ठोकून जोडलेले), सत्तरच्या दशकातली असावी, रंग पार उडालाय, मागे जिथे मोटर लावतात तिथल्या लाकडात स्क्रूड्रायव्हर दाबला की सरळ आत जातो आणि जमिनीच्या फळ्या चालताना लचकतात. नवरा म्हणतो भंगारात घाल, सासूबाई सध्या इथे आल्यात त्या म्हणतात जर्मनच्या पातेल्यावर एवढा खर्च कोण करतं. मी व्हिडिओ बघून सँडर आणि दोन डबे रंग घेऊन ठेवलाय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे सँडर परत खोक्यात ठेवा. आणि भंगारात अजिबात घालू नका, निदान लाकूड काढून आतला पत्रा बघेपर्यंत तरी नाही. सासूबाईंचं पातेलं मात्र बरोबर आहे हां, जर्मनचं पातेलं चिंच-कोकम घालून ठेवलं की खड्डे पडतात पण नुसतं पाणी तापवायला वापरलं तर वर्षानुवर्षं टिकतं, बोटीचंही तेच. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढतो आणि तोच त्याला जपतो, म्हणून गोड्या पाण्याच्या तळ्यातली ५० वर्षांची बोट सुद्धा चांगली निघते. बिघडतं ते पत्र्याला चिकटून बसलेलं बाकी सगळं. ओलं लाकूड, पाणी प्यायलेला फोम, कुजका पाला, कार्पेट. ह्यांच्याखाली हवा पोचत नाही, पापुद्रा परत तयार होत नाही आणि तिथे पत्रा टोचल्यासारखा खातो.

म्हणून आधी बोट रिकामी करा. फळ्या काढा, खालचा फोम काढा (भिजला असेल तर उचलतानाच कळेल, हात दुखतो), मग प्रेशर वॉशर मारा आणि दुपारच्या उन्हात आतून नीट बघा. पांढरी भुकटी दिसेल तिथे प्लास्टिकच्या ब्रशने घासून खाली खड्डा किती खोल आहे ते पाहायचं, साधा लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण पत्र्यात रुतून बसतात आणि नंतर गंजतात. आणि हो, कोपऱ्याकोपऱ्यात नाणी पडलीत का ते बघाच. १९८२ च्या आधीची अमेरिकन पेनी म्हणजे ९५ टक्के तांबं, ती ओल्या ॲल्युमिनियमवर पडून राहिली की तिच्याखालचा पत्रा गळतो आणि गोल भोक पडतं, जुन्या बोटीतल्या अशा भोकाचा आकार बघून सुद्धा ओळखता येतं.

आता मागची फळी, म्हणजे ट्रान्समचं लाकूड. खरं काम हे आहे आणि ह्यात घाई केली तर मोटर तळ्यात जाईल. वरची पट्टी आणि कोपऱ्याचे तुकडे काढले की जुनं लाकूड बाहेर येतं, तुकड्यातुकड्यात आलं तरी फेकू नका, जमिनीवर जुळवून त्याचाच साचा करा. जाडी मोजून घ्या, बहुतेक ठिकाणी दीड इंच असते, म्हणजे पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर वॉटरप्रूफ ग्लूने चिकटवून क्लॅम्प लावायचे. दुकानदार हमखास सांगेल की बाहेर वापरायचंय तर प्रेशर ट्रीटेड घ्या. घेऊ नका!! त्या ट्रीटमेंटमध्ये तांब्याचे क्षार असतात, आणि २००४ पासून घरगुती लाकडात जुन्या आर्सेनिकवाल्याच्या जागी जे प्रकार आले त्यात तर तांबं आणखी जास्त आहे, तेच लाकूड ओलं होऊन ॲल्युमिनियमला टेकलं की नाण्याची गोष्ट अख्ख्या ट्रान्समभर होते. साधं एक्स्टेरियर ग्रेड किंवा परवडत असेल तर मरीन प्लायवूड घ्या आणि त्यावर इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या, कडांना जास्त, कारण पाणी कडेतूनच शिरतं. बोल्टची भोकं मोठी पाडायची, इपॉक्सीने भरायची, सुकलं की मधून परत योग्य मापाचं भोक पाडायचं, म्हणजे बोल्टच्या बाजूने पाणी आलं तरी लाकडाला लागत नाही. कंटाळवाणं आहे पण हे सोडलंत तर काही वर्षांनी परत हेच काम. बोल्ट स्टेनलेस चालतील पण ॲल्युमिनियमला थेट टेकू देऊ नका, टेफ-जेल (दोन धातूंमधला गंज रोखणारी पेस्ट) लावा नाहीतर निदान सीलंटमध्ये बुडवून बसवा, पितळ तर नकोच नको. हे सगळं मे महिन्यात करा, तुमच्याकडच्या थंड गॅरेजमध्ये ५० फॅरनहाइटच्या खाली बहुतेक इपॉक्सी नीट धरतच नाही.

फोमचं. तो गादीसाठी नसतो, बोट पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून असतो, म्हणून जेवढा काढला निदान तेवढा परत घालायचा. बंद पेशींचाच घ्या, म्हणजे ज्यात पाणी शिरत नाही असा. पाणी घनफुटाला ६२.४ पाउंड भरतं आणि ओतायचा फोम साधारण २ पाउंड, म्हणजे एक घनफूट फोम ६० पाउंड उचलतो, आता मोटर, बॅटरी आणि तुमचा नवरा ह्यांचा हिशोब तुम्हीच करा. हार्डवेअरच्या दुकानातले गुलाबी किंवा निळे पॉलिस्टायरीनचे बोर्ड चालतात पण पेट्रोल सांडलं की विरघळतात, टाकीजवळ नको. खाली पाणी वाहून मागच्या प्लगपर्यंत (पाणी काढायच्या बुचापर्यंत) जाईल अशी वाट ठेवा, नाहीतर नवा फोम पण भिजणार.

आणि त्या व्हिडिओंमध्ये मधली आडवी बाकं कापून वर सपाट डेक आणि फिरत्या खुर्च्या बसवतात ना, ते मला बिलकुल पटत नाही. ती बाकं बसायला आहेतच पण दोन्ही बाजूंना धरून ठेवतात पण तीच, आणि फोम पण त्यांच्याच पोटात असतो. ती कापली की बोट लाटेवर वळवळते आणि वर उंचावर माणूस बसला की कलते ते वेगळंच. सत्तरच्या दशकातल्या बोटीला हे करू नका.

रंगाचं थोडक्यात सांगतो. आतून रंग दिला नाही तरी काही बिघडत नाही. बाहेरचा जुना रंग खरवडण्याआधी शिसं आहे का ते टेस्ट किटने बघा, त्या काळातल्या रंगात असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका, ओलं घासा आणि मास्क लावा, घरात लहान मुलं असतील तर जास्तच. मग ॲसिटोनने पुसून त्याच दिवशी सेल्फ-एचिंग प्रायमर (पत्र्याला घट्ट धरणारा अस्तराचा रंग) द्या, रात्रभर उघडा ठेवलेला पत्रा परत ऑक्साइड धरतो आणि रंग पुढच्या वर्षी पापडासारखा निघतो. खालून शेवाळं धरू नये म्हणून तांब्याचा बॉटम पेंट मिळतो तो ॲल्युमिनियमला कधीच नाही, आणि दर वेळी ट्रेलरवर घरी येणाऱ्या बोटीला त्याची गरजही नसते.

कागदाचं विसरू नका, आजोबा गावात आहेत तोवर त्यांची सही घेऊन डीएनआरकडे (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याकडे) रजिस्ट्रेशन तुमच्या नावावर करून घ्या.

प्रश्न: मिशिगनमधून लिहितोय. आमची बोट पाणी घेते, तासाभरात तळव्याएवढं साठतं. रिव्हेट हलतायत बहुतेक. भारतातून आणलेलं एमसील आहे ते आतून थापलं तर चालेल का?

उत्तर: नळाला, टाकीला एमसील ठीक आहे, कारण टाकी जागची हलत नाही. बोटीचा पत्रा लाटेवर सतत लवतो, वरचं कडक सील तडकतं आणि मग पाणी कुठून येतंय तेही सापडत नाही.

आधी गळती शोधा. बोट ट्रेलरवर, प्लग लावलेला, आणि आतून होजने पाणी सोडा, दोन-तीन इंचच, जास्त नको कारण ५० गॅलन म्हणजे चारशे पाउंडांच्या वर जातं आणि खाली आधार फक्त ट्रेलरच्या फळ्यांचा. मग खाली सतरंजी टाकून आडवे व्हा आणि जो रिव्हेट ठिबकतोय त्याला मार्करने गोल करा. काही लगेच ठिबकतात, काही पाच मिनिटांनी घाम आल्यासारखे ओले होतात, ते पण करा.

सैल रिव्हेट परत आवळता येतो, दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून शेपटीवर हातोडीचे थोडेसे नेमके घाव घालायचे. आधी आवाज बद्द येतो, बसला की टणक होतो, तिथे थांबायचं, पुढे ठोकलं तर भोक ताणलं जातं. भोक मोठं झालंच असेल तर एक नंबर वरचा भरीव रिव्हेट टाका. हात पोचत नसेल तिथे पॉप रिव्हेट (एकाच बाजूने बसवता येणारा), पण बंद टोकाचा आणि सीलंट लावून, दुकानातल्या साध्या पॉप रिव्हेटच्या मधूनच पाणी येतं. हे सगळं झाल्यावर शिवणींवरून आतून ग्लुव्हिटसारखं लवणारं इपॉक्सी पसरा, ते खास ह्याच कामासाठी असतं, फक्त पत्रा कोरडा आणि तेलाचा अंश नसलेला हवा. उलट क्रमाने केलंत, म्हणजे आधी इपॉक्सी मग ठोकाठोक, तर दोन्ही वाया.

प्रश्न: विस्कॉन्सिन. आमच्या बोटीवर किती मोटर, किती वजन चालेल ते लिहिलेली प्लेट आहे, तिच्यावर १५ हॉर्सपॉवर लिहिलंय. मित्र २५ ची मोटर स्वस्तात देतोय. ट्रान्सम नवीन आणि मजबूत केलाय, चालेल ना?

उत्तर: नाही. ट्रान्सम कितीही मजबूत केलात तरी बोटीची लांबी, रुंदी तीच राहते आणि प्लेटवरचा आकडा त्यावरून येतो. जड मोटरने मागची बाजू खाली बसते आणि एकदम थांबलात की मागची लाट ट्रान्समवरून आत येते. १९७२ च्या नोव्हेंबरपासून बनलेल्या २० फुटांखालच्या अशा बोटींना ती प्लेट कायद्याने लावलेली असते, इन्शुरन्सवाले अपघातानंतर सगळ्यात आधी तीच बघतील. मित्राला सांगा १५ ची किंवा ९.९ ची असेल तर बोल, आणि घ्याल ती मोटर घेतल्या घेतल्या तिचा वॉटर पंपाचा इम्पेलर (मोटर थंड ठेवायला पाणी ओढणारं रबरी चाक) बदला, जुन्या मोटरीत रबर कडक झालेलं असतं आणि पाणी उचललं नाही की मोटर जळते.