बीथोवनची १८०८ ची चार तासांची मैफल आणि त्या काळचे मिश्र कार्यक्रम

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बीथोवनने २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात दिलेल्या मैफलीची पत्रिका आपल्या पाहण्यात आली. दोन सिंफनी (वाद्यवृंदाच्या मोठ्या, अनेक भागांच्या रचना), एक पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वृंद यांची रचना), एक इटालियन गाणे, चर्चसंगीत आणि उत्स्फूर्त पियानोवादन हे सारे तीत एकाच रात्री आहे. तेव्हा त्या काळच्या श्रोत्यांना अभिरुची कमी होती का, आणि एकाच कृतीच्या दोन भागांमध्ये भलत्याच कोणाचे तरी गाणे किंवा वादन घातले जात असे हे खरे का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: होय, खरे आहे, उदाहरणे पुढे देतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र जरा सविस्तर द्यावे लागेल, कारण ती पत्रिका पाहून आपल्याला ज्याचे नवल वाटले, त्याचे त्या काळच्या श्रोत्याला मुळीच वाटले नसते. सरमिसळ ही त्याच्या नित्याच्या अनुभवातली बाब होती. त्याला जड गेले असेल ते हे, की त्या चार तासांतली प्रत्येक कृती एकाच माणसाची होती.

आधी व्यवहाराची बाजू पाहू. व्हिएन्नात अशा मैफलीला ‘आकाडेमी’ म्हणत, आणि ती बहुधा कोणा एका कलावंताच्या स्वतःच्या फायद्यासाठी भरवलेली असे. आपल्या जुन्या नाटकमंडळ्यांतल्या ‘बेनिफिट’च्या खेळाची कल्पना ज्यांना आहे, त्यांना हा प्रकार चटकन समजेल. खर्च त्या कलावंताचा, धोका त्याचा आणि उरलेली रक्कमही त्याची. केवळ मैफलींसाठी बांधलेले सभागृह त्या शहरात तेव्हा नव्हते; ‘संगीतमित्रांची संस्था’ १८१२ मध्ये स्थापन झाली आणि तिचे स्वतःचे सभागृह उभे राहायला १८३१ उजाडावे लागले. त्यामुळे नाट्यगृहावरच अवलंबून राहावे लागे, आणि नाट्यगृह मोकळे मिळे ते प्रामुख्याने ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आणि नाताळच्या आधी, जेव्हा धार्मिक कारणाने नाटके व ऑपेरा बंद असत. ते मिळण्यासाठीही व्यवस्थापकांची मर्जी लागे. बीथोवनने गरजूंच्या मदतीसाठी झालेल्या मैफलींत आपल्या कृती आणि स्वतःचे वादन देऊन ती मर्जी मिळवली होती. एकदा रात्र हाती आली की पुन्हा केव्हा येईल याचा नेम नसे. म्हणून साठलेले सारे एकाच ताटात वाढण्याचा मोह होई, आणि १८०८ च्या लांबीचे अर्धे स्पष्टीकरण एवढ्यातच आहे.

उरलेले अर्धे स्पष्टीकरण कार्यक्रम रचण्याच्या रीतीत सापडते. त्या काळची कोणतीही चांगली पत्रिका बारकाईने पाहिली तर ती वरवर वाटते तशी विस्कळीत नसते. वाद्यसंगीतानंतर गायन, मोठ्या वृंदानंतर एकल वादक, गंभीर कृतीनंतर हलकी कृती, आणि एकाच जातीच्या दोन रचना शक्यतो लागोपाठ नकोत, असा तो संकेत होता. सुरुवातीला सिंफनी किंवा ओव्हर्चर, म्हणजे वृंदाची प्रास्ताविक रचना, येई आणि बरेचदा शेवटही वृंदवादनाने होई. लंडनला योहान सालोमनने १७९१ मध्ये संगीतकार हायडनला घेऊन ज्या मैफली भरवल्या, त्यांत हायडनची नवी कृती दुसऱ्या भागाच्या आरंभी ठेवलेली असे, कारण पहिल्या भागात लोक उशिरा येत राहत. बारा मैफलींची वर्गणी पाच गिनी भरणारा श्रोता वेळेवर यायला बांधलेला नव्हता आणि हायडनला ते पुरते ठाऊक होते. आपल्याकडे ख्यालानंतर ठुमरी, मग नाट्यपद, अभंग आणि शेवटी भैरवी ऐकताना कोणी त्याला खिचडी म्हणत नाही. दोन परंपरांचा येथे काही संबंध नाही; क्रम ओळखीचा असला की मिश्रण खटकत नाही, एवढेच मला सुचवायचे आहे.

आता बीथोवनच्याच दोन पत्रिका शेजारी ठेवा. २ एप्रिल १८०० रोजी बुर्गथिएटरमध्ये त्याने पहिली मोठी आकाडेमी केली. तिचा आरंभ मोझार्टच्या सिंफनीने झाला. मग हायडनच्या ‘द क्रिएशन’मधील एक आरिया (एकल गीत), बीथोवनचा पियानो कॉन्चेर्टो, त्याचे सेप्टेट (सात वाद्यांची रचना), पुन्हा ‘द क्रिएशन’मधले एक द्वंद्वगीत, त्याचे उत्स्फूर्त पियानोवादन, आणि अखेरीस त्याची नवी, म्हणजे पहिली सिंफनी. सात बाबी, तीन संगीतकार. तरुण माणसाने दोन मान्यवरांच्या मधोमध आपली जागा करून घेतली आहे, आणि रूढ क्रम कुठेही मोडलेला नाही. तीन वर्षांनी, ५ एप्रिल १८०३ रोजी, थिएटर आन डेर वीनमध्ये त्याने आपल्या पहिल्या दोन सिंफनी, तिसरा पियानो कॉन्चेर्टो आणि ‘ख्राइस्ट ऑन द माउंट ऑफ ऑलिव्ह्ज’ हे ओराटोरिओ (धार्मिक कथेवरील गायन-वृंदरचना) असा सर्वस्वी स्वतःचा कार्यक्रम मांडला. तिकिटे नेहमीपेक्षा बरीच महाग ठेवली आणि १८०० गुल्डन मिळवले. त्या दिवशी सकाळी आठला सुरू झालेली तालीम दुपारपर्यंत रेंगाळली, वादक थकून चिडले, तेव्हा बीथोवनचा आश्रयदाता प्रिन्स लिख्नोव्स्कीने पाव, लोणी, थंड मांस आणि वाइन मागवून सर्वांना शांत केले. संगीताच्या इतिहासात अशा टोपल्यांचे ऋण फारसे मोजले जात नाही.

१८०८ ची रात्र ही याच वाटेवरची पुढची पायरी होती. पहिल्या भागात ‘पास्टोरल’ सिंफनी, ‘आह! पेर्फिदो’ हे इटालियन गायन, सी मेजर मासमधील (मास म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठीची गायनरचना) ‘ग्लोरिया’ हा भाग आणि चौथा पियानो कॉन्चेर्टो. दुसऱ्या भागात सी मायनर सिंफनी, त्याच मासमधील ‘सांक्टुस’, पियानोवरील उत्स्फूर्त फँटसी (मुक्त घडणीची रचना) आणि शेवटी कोरल फँटसी. आज आपण ज्यांना पाचवी आणि सहावी म्हणतो, त्या सिंफनींचे क्रमांक त्या वेळी उलट होते. वाद्य आणि कंठ यांची पाळी येथेही सांभाळली आहे, पण ती सांभाळताना दुसऱ्या कोणाचाही आधार घेतलेला नाही. चर्चसंगीत नाट्यगृहात करायला आडकाठी होती, म्हणून मासचे भाग ‘लॅटिन शब्दांचे, चर्चच्या शैलीतले स्तोत्र’ अशा नावाखाली जाहीर झाले. ही पळवाट बीथोवनला पुढेही उपयोगी पडली: ७ मे १८२४ रोजी नवव्या सिंफनीच्या पहिल्या प्रयोगाच्या वेळी ‘मिस्सा सोलेम्निस’मधले तीन भाग ‘तीन भव्य स्तोत्रे’ म्हणून सादर झाले.

कोरल फँटसी कशी जन्मली हे या चर्चेत विशेष महत्त्वाचे आहे. त्या रात्री रंगमंचावर पियानोवादक होता, वृंद होता, एकल गायक होते आणि गायकसमूहही होता; पण या सर्वांना एकत्र आणील अशी एकही कृती कार्यक्रमात नव्हती. समारोपासाठी तशी कृती हवी म्हणून बीथोवनने ती अखेरच्या काही आठवड्यांत लिहिली. आधी पियानो एकटा, मग वृंदाशी संवाद, आणि शेवटी समूहगान, अशी तिची घडण एरवी विचित्र वाटते. संध्याकाळभर वेगवेगळे वावरलेले कलावंत एकामागून एक आत येत आहेत असे मनात आणून ती ऐकली की सगळे जुळते. नवव्या सिंफनीच्या अखेरच्या भागाची चाहूल तिच्या मुख्य सुरावटीत लागते, असे जाणकार म्हणतात ते बरोबरच आहे. त्या अर्थाने मिश्र पत्रिकेच्या गरजेतून निघालेली एक कल्पना पुढे कुठवर पोचली हे पाहण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष प्रयोग मात्र फसला. त्याच रात्री बुर्गथिएटरमध्ये संगीतकारांच्या विधवा व अनाथ मुलांच्या मदतीची वार्षिक मैफल होती, आणि चांगले वादक तिकडे गुंतले होते. ठरलेली गायिका आना मिल्डर भांडणानंतर बाजूला झाली, आणि तिच्याऐवजी आलेल्या नवख्या गायिकेला सभाभयाने ग्रासले. सर्व कृतींची मिळून एक पूर्ण तालीमही झालेली नव्हती. कोरल फँटसीत वृंद चुकला तेव्हा बीथोवनने वादन थांबवून ती पुन्हा सुरू करायला लावली. नाट्यगृह कडाक्याच्या थंडीत गारठले होते. प्रिन्स लॉबकोवित्झच्या बॉक्समध्ये साडेसहापासून साडेदहापर्यंत बसलेल्या योहान फ्रीडरिश राइशार्ट या संगीतकार-लेखकाने नंतर लिहिले, त्याचा आशय असा की चांगल्या गोष्टीचा, आणि त्याहूनही जोरकस गोष्टीचा, सहज अतिरेक होऊ शकतो. त्याचे शब्द नीट पाहावेत. प्रकार फार होते अशी त्याची कुरकुर नाही. जोरकस संगीत सलग फार झाले असे तो म्हणतो. मिश्र कार्यक्रमातल्या हलक्या कृती श्रोत्याला जी उसंत देत, ती त्या रात्री कोणालाच मिळाली नाही.

आता कृतीचे तुकडे करण्याविषयी. पियानोवादक-संगीतकार शोपाँने १७ मार्च १८३० रोजी वॉर्सात आपला एफ मायनर कॉन्चेर्टो वाजवला, तेव्हा पहिला भाग संपल्यावर गॉर्नर या हॉर्नवादकाचे एकल वादन झाले आणि मग कॉन्चेर्टोचे उरलेले दोन भाग आले. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला ई मायनर कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागानंतर सोलिव्हाची एक आरिया गायली गेली. शोपाँला यात अपमान वाटला नाही. वादकाला दम घ्यायला वेळ मिळे आणि पहिल्या भागाला स्वतःच्या टाळ्या मिळत. संगीतकार शूबर्टने २६ मार्च १८२८ रोजी, बीथोवनच्या पहिल्या स्मृतिदिनी, केवळ स्वतःच्या रचनांची जी मैफल व्हिएन्नात केली, तिची सुरुवात क्वार्टेटच्या (चार तंतुवाद्यांच्या रचनेच्या) एकाच भागाने झाली होती. अवघ्या तीन दिवसांनी व्हायोलिनवादक पागानिनीने त्या शहरात पहिला कार्यक्रम केला, आणि शूबर्टच्या मैफलीकडे वृत्तपत्रांचे लक्ष गेलेच नाही.

या विषयावर एक दंतकथा मात्र वारंवार फिरते, तिच्यापासून जपावे. २३ डिसेंबर १८०६ रोजी फ्रान्झ क्लेमेंटने बीथोवनच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोचा पहिला प्रयोग केला आणि त्याच्या दोन भागांच्या मध्येच व्हायोलिन उलटे धरून एका तारेवर सोनाटा वाजवला, असे सांगतात. तो सोनाटा त्या कार्यक्रमात होता हे खरे, पण पत्रिकेत कॉन्चेर्टो मैफलीच्या पहिल्या भागात आहे आणि ही करामत मैफलीच्या दुसऱ्या भागात. करामतींविषयी नाके मुरडण्याचेही कारण नाही. ८ डिसेंबर १८१३ रोजी, हानाऊच्या लढाईत जखमी झालेल्या सैनिकांच्या मदतीसाठी, विद्यापीठाच्या सभागृहात बीथोवनची सातवी सिंफनी प्रथम वाजली आणि त्याचाच ‘वेलिंग्टनचा विजय’ही वाजला, या दोहोंच्या मध्ये मेल्त्सेल या यंत्रकाराच्या यांत्रिक कर्णेवाल्याने (कर्णा वाजवणाऱ्या कळसूत्री बाहुल्याने) दुसेक आणि प्लेयेल यांची संचलनगीते वाजवली. त्याच श्रोत्यांनी सातव्या सिंफनीच्या अलेग्रेत्तो भागाला वन्स मोअर दिला. म्हणजे कळसूत्री कर्णेवाल्यापुढे बसलेले कान बहिरे नव्हते.

गंभीर समजल्या जाणाऱ्या संस्थांनीही हीच रीत पाळली. पॅरिसच्या कॉन्झर्व्हातॉरच्या मैफली ९ मार्च १८२८ रोजी आबनेकच्या नेतृत्वाखाली सुरू झाल्या त्या बीथोवनच्या ‘एरोइका’ सिंफनीने, पण लगोलग रॉसिनीचे द्वंद्वगीत आणि हॉर्नचे एकल वादन होतेच. लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने १८१३ मध्ये एकल वादकांचा तोरा टाळण्यासाठी कॉन्चेर्टोवर बंदी घातली खरी, पण ती फार काळ टिकली नाही. आणि नवव्या सिंफनीचे काय झाले? २३ मे १८२४ च्या दुसऱ्या प्रयोगात तिच्या सोबतीला रॉसिनीचे लोकप्रिय ‘दि तान्ती पाल्पिती’ घालण्यात आले. तरीही रविवारच्या स्वच्छ दुपारी लोक फिरायला गेले आणि सभागृह बरेचसे रिकामेच राहिले.

ही घडी मोडली ती टप्प्याटप्प्याने. लाइपझिगच्या गेवांडहाउस या मैफल-सभागृहात, विशेषतः १८३५ पासून संगीतकार मेंडेलसोनच्या नेतृत्वाखाली, दिवंगत संगीतकारांच्या कृतींना मानाचे स्थान मिळत गेले आणि मोठी सिंफनी मध्यंतरानंतर एकटी वाजू लागली. दुसरा धक्का पियानोवादक लिस्टचा. ९ जून १८४० रोजी लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअर रूम्समध्ये गायक नाही, वृंद नाही, असा एकट्याच्या पियानोचा कार्यक्रम त्याने केला आणि त्याच्या जाहिरातीत ‘रिसायटल्स’ हा शब्द वापरला. गंमत अशी की त्याच्या पत्रिकेत ‘पास्टोरल’ सिंफनीचे भाग, शूबर्टची गीते आणि शेवटी एक धडाकेबाज गॅलप (वेगवान नृत्यरचना) होता. गायन, सिंफनी, नृत्य सारे जुन्याच क्रमातले, फक्त दहा बोटांत कोंबलेले.

आपल्याला हे कानांनी पडताळायचे असेल तर १८०८ चा कार्यक्रम वर दिलेल्या क्रमाने घरी लावून पाहा. उत्स्फूर्त फँटसीच्या जागी बीथोवनचीच ओपस ७७ या क्रमांकाची फँटसी चालेल. निव्वळ संगीत पावणेतीन तासांच्या आसपास भरते. ‘पास्टोरल’ संपून ‘आह! पेर्फिदो’ सुरू होते तो सांधा विशेष लक्ष देऊन ऐका, आणि दुसऱ्या खेपेला मध्ये रॉसिनीचे एखादे गाणे घालून पाहा. मी दोन्ही करून पाहिले आहे, आणि दुसऱ्या खेपेला कोरल फँटसीपर्यंत माझे कान अधिक ताजे राहिले.