भाषाविज्ञानाचा कौटुंबिक समुपदेशनात उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की घरातले लोक समुपदेशकासमोर बसून भांडत असताना भाषाविज्ञान काय करणार. मी आधी भाषाविज्ञान शिकले, मग समुपदेशनाकडे वळले. उपयोग होतो, रोज होतो.

भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्ह आणि समाजकार्याचे अभ्यासक डेव्हिड फॅनशेल यांनी १९७७ साली मानसोपचाराच्या एका बैठकीतल्या जेमतेम पंधरा मिनिटांच्या बोलण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्या बैठकीत उपचार घेणारी १९ वर्षांची रोडा, खाणं जवळजवळ सुटलेलं. आई रोडाच्या लग्न झालेल्या बहिणीकडे राहायला गेलीय, घर हिच्या अंगावर पडलंय. ती फोनवर विचारते, "मग, घरी कधी येणार?" ऐकायला प्रश्न तारखेचा. पण त्यात "मला एकटीला झेपत नाहीये, ये" ही विनवणी आहे, आणि "इतके दिवस कशाला राहिलीस" हा ठपकाही. आई म्हणते, "का गं?" झालं! आता झेपत नाही हे रोडानेच तोंडाने कबूल करायचं, म्हणजे आपण अजून लहानच आहोत हेही कबूल करायचं. आवाज कुणीच चढवलेला नाही, तरी मुलगी कोंडीत सापडली. अशा वेळी "नीट बोला" हा सल्ला काय कामाचा? त्या प्रश्नाच्या पोटातली विनंती तिला सरळ म्हणता आली पाहिजे.

मराठीत तर मी सर्वनामांकडे कान लावून बसते. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत, इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. सासू म्हणते, "आमच्याकडे असं करत नाहीत," तेव्हा सून त्या 'आम्ही'च्या बाहेर असते. लग्नाला सात वर्षं झाली तरी ती "तुमच्या घरात" म्हणत असेल, तर ते मी वहीत टिपून ठेवते. मात्र 'आपण' म्हटलं की जवळीक आली, असंही नाही. "आपण दिवाळीला गावी जातोय" हे तिला न विचारता ठरलं असेल, तर तो 'आपण' जास्तच बोचतो.

आणि तो 'च'! "काल फोन केला नाहीस" याला उत्तर देता येतं. "तू कधी फोनच करत नाहीस" म्हटलं की समोरचा मागच्या महिन्यातले फोन मोजायला लागतो.

जिथे मारहाण आहे तिथे मात्र मी यातलं काहीही करत नाही. तिथे आधी मार खाणारं माणूस सुरक्षित जागी पोचलं पाहिजे.