शिकलेले पिल्लू पुन्हा घरात लघवी करू लागले तर

प्रश्न : आमच्याकडे सात महिन्यांचे नर पिल्लू आहे. बाहेर जाऊन शी-शू करण्याची सवय त्याला पाचव्या महिन्यापर्यंत चांगली लागली होती. गेल्या काही आठवड्यांपासून मात्र ते पुन्हा घरात लघवी करू लागले आहे. कधी सोफ्याच्या कोपऱ्यावर थोडीशी, तर कधी फिरून आल्या आल्या खोलीच्या मधोमध भरपूर. ओरडले की कान पाडून, नजर चुकवून बसते, म्हणजे आपले चुकले हे त्याला कळत असावे. तरीही दुसऱ्या दिवशी तेच होते. त्याला शिक्षा करावी का?

उत्तर : शिक्षा मुळीच करू नये. आपण ज्याला एक खोड समजत आहात, त्या बहुधा दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याच वर्णनात त्या स्पष्ट दिसतात. सोफ्याच्या कोपऱ्यावरची थोडीशी लघवी ही खूण करण्यासाठी केलेली असते, तर खोलीच्या मधोमध झालेले थारोळे हे बाहेर रिकाम्या न झालेल्या मूत्राशयाचे असते. दोन्हींची कारणे निराळी असल्यामुळे उपायही निराळे आहेत. म्हणून यापुढे घरात लघवी झाली की रागावण्याआधी ती कुठे झाली, किती झाली आणि त्यापूर्वी काय घडले होते, एवढे वहीत टिपून ठेवावे.

मात्र सर्वांत आधी आजार नाही याची खात्री करून घ्यावी. पिल्लू वारंवार थेंब-थेंब लघवी करत असेल, लघवीला रक्ताची झाक असेल, लघवीची जागा सारखे चाटत असेल किंवा झोपेतच अंथरूण ओले होत असेल, तर आधी पशुवैद्यांकडे जावे. नर कुत्र्यांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग माद्यांच्या मानाने कमी आढळतो, त्यामुळे तो आढळलाच तर त्यामागे खडा किंवा जन्मजात दोष आहे का, हेही तपासून घ्यावे. पिल्लू कुंथत आहे आणि लघवी अजिबात होत नाही, असे दिसले तर मार्ग अडलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता तत्काळ दवाखाना गाठावा.

आता सोफ्याचा कोपरा. साधारण सहाव्या महिन्याच्या पुढे नर पिल्लू वयात येऊ लागते आणि उभ्या वस्तूंवर थोडी-थोडी लघवी करून आपला वास ठेवू लागते. काही पिल्ले त्यासाठी पाय वर करतात, काही करत नाहीत, त्यामुळे केवळ पायावरून निष्कर्ष काढू नये. नवे फर्निचर, पाहुण्यांची बॅग, खिडकीतून दिसणारा दुसरा कुत्रा यांपैकी काहीही निमित्त ठरू शकते. यात सूड नसतो, हे मी आग्रहाने सांगतो, कारण सूड आहे असे एकदा वाटू लागले की घरातल्यांचे वागणे कठोर होत जाते. पिल्लू घरात मोकळे असताना कोणीतरी त्याच्यावर लक्ष ठेवावे. ते शक्य नसेल तर त्याचा पट्टा आपल्या कमरेला बांधून ते जवळ ठेवावे. कोपरा हुंगत ते तिथे रेंगाळू लागले की शांतपणे हाक मारून बाहेर न्यावे. नसबंदीमुळे ही सवय बऱ्याच कुत्र्यांमध्ये कमी होते, परंतु सर्वांमध्ये नाही. शिवाय नसबंदीचे योग्य वय जातीच्या आकारमानाप्रमाणे बदलते आणि मोठ्या जातींमध्ये सांध्यांच्या वाढीचाही विचार करावा लागतो, म्हणून हा निर्णय पशुवैद्यांशी बोलूनच घ्यावा.

फिरून आल्यावर होणारी लघवी हा माझ्या मते आपल्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. या वयात बाहेरचे वास, आवाज आणि इतर कुत्रे पिल्लाला इतके गुंतवून ठेवतात की पोट रिकामे करायचे राहूनच जाते. मग घरात शिरल्यावर जीव शांत होतो आणि तिथेच लघवी होते. दुसरे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पिल्लाने लघवी केली की आपण लगेच मागे फिरतो, त्यामुळे लघवी केली की फिरणे संपते, असे ते हळूहळू शिकते आणि ती लांबवू लागते. यावर उपाय म्हणजे क्रम उलटा करणे. बाहेर पडल्यावर प्रथम ठरलेल्या एकाच जागी, आखूड पट्ट्यावर, न बोलता, न खेळता पाच मिनिटे उभे राहावे. लघवी पूर्ण झाली की त्याच क्षणी, तिथेच खाऊ द्यावा; घरी आल्यावर दिलेल्या खाऊचा संबंध ते लघवीशी जोडू शकत नाही. त्यानंतर मनसोक्त फिरवावे. लघवी झालीच नाही तर घरात आल्यावर त्याला मोकळे न सोडता पट्ट्यावर किंवा क्रेटमध्ये (कुत्र्यासाठीच्या पिंजऱ्यात) ठेवावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा त्याच जागी न्यावे.

त्याच्या पाडलेल्या कानांविषयीही सांगायला हवे. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की कुत्र्याचा तो ‘अपराधी’ चेहरा त्याने खरोखर काही केले आहे की नाही यावर अवलंबून नसतो, तर मालक रागावतो की नाही यावर असतो. आपले पिल्लूही आपला आवाज आणि आविर्भाव पाहून आपल्याला शांत करू पाहत आहे. आधी होऊन गेलेल्या लघवीशी तो राग त्याला जोडता येत नाही. उलट माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे, एवढेच ते शिकते. मग ते घरात सोफ्यामागे लपून लघवी करते आणि बाहेर पट्ट्यावर, आपल्या देखत, करायला कचरते. प्रत्यक्ष लघवी करताना दिसले तर हलकी टाळी वाजवून थांबवावे आणि बाहेर न्यावे, बस्स.

जागा पुसताना एन्झाइमयुक्त क्लीनर, म्हणजे लघवीचा वास मुळापासून घालवणारे द्रावण, वापरावे. अमोनिया असलेली द्रावणे टाळावीत, कारण त्यांचा वास लघवीशी मिळताजुळता असतो. काही काळ पिल्लाला एक-दोन खोल्यांपुरतेच मोकळे ठेवावे, झोपून उठल्यावर, जेवणानंतर आणि खेळानंतर न चुकता बाहेर न्यावे आणि दोन-तीन आठवडे घर कोरडे राहिले की एकेक खोली उघडावी.

प्रश्न : घरात लघवी होऊ नये म्हणून पिल्लाला पाणी कमी द्यावे का?

उत्तर : देऊ नये. दिवसभर ताजे पाणी समोर असावे. फार तर झोपण्याच्या थोडे आधी भांडे उचलावे आणि त्यानंतर एकदा बाहेर नेऊन आणावे, पण उन्हाळ्यात किंवा पिल्लू आजारी असताना तेही करू नये. तहान अचानक वाढली आहे असे वाटले तर भांड्यात मोजून पाणी ओतावे आणि चोवीस तासांनी उरलेले मोजावे. दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलिलिटरपेक्षा अधिक पाणी जात असेल, तर तो आकडा घेऊन पशुवैद्यांना भेटावे.