पायी काय आहे, ते आधी बघ

अगं,

नोकरीसाठी नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला राहायचं की माझ्या पिट्सबर्गला, हे ठरवायला तू पाठवलेली एक्सेल शीट पाहिली. पगार, भाडं, कर, घराचे स्क्वेअर फूट, सगळं मांडलंयस. कॅरीला प्रशस्त अपार्टमेंट, पूल, जिम. पिट्सबर्गला जुन्या इमारतीतली एकच बेडरूम. शिवाय इथे राज्याच्या ३.०७ टक्के आयकरावर शहर आणि शाळांचा मिळून आणखी ३ टक्के कर. म्हणून तुझा कौल कॅरीला. पण दाराबाहेर पडल्यावर पायी काय आहे, हा रकाना कुठाय?

मी दोन्हीकडे राहिलेय. कॅरीजवळचं कंपन्यांचं संकुल, रिसर्च ट्रँगल पार्क, १९५९ मध्ये पाइनच्या रानात उभं राहिलं, गाडीने येणाऱ्यांसाठीच. आजूबाजूच्या वस्त्याही तशाच वाढल्या. रस्ता आत जातो आणि बंद होतो. किराणा दुकान कुंपणापलीकडे दिसत असतं, पण चालत जायचं तर मोठा वळसा आणि सहापदरी रस्ता. कॅरीचे ग्रीनवे, म्हणजे चालायच्या हिरव्या वाटा, खरंच सुंदर आहेत, पण ते झाडीतून फिरवून आणतात, दूध आणायला उपयोगी पडत नाहीत. शेजारच्या राली शहरात ग्लेनवुड साउथ भागात चालण्यासारखं आहे, मान्य. तरी तुझं ऑफिस आय-४० महामार्गालाच.

माझी आई एक उन्हाळा तिथे होती. ठाण्यात भाजी, देऊळ, बँक सगळं स्वतः चालत जाऊन करणारी बाई. तिथे आम्ही कामावरून कधी येतो याची वाट बघत बसायची. पुन्हा बोलावलं, तर ‘नको गं’ म्हणाली. हे मला अजून सलतं. तुझेही आईबाबा येतील, लक्षात ठेव.

म्हणून पिट्सबर्गच्या स्क्विरल हिल भागातलं हे छोटं घर मी हट्टाने घेतलं. एवढ्या पैशात तिकडे चार बेडरूम आल्या असत्या, असं अजूनही लोक ऐकवतात. आल्या असत्या! मला फोर्ब्स आणि मरे या रस्त्यांचा चौक हवा होता. कोपऱ्यावर लायब्ररी, मरे अव्हेन्यूवर किराणा आणि मॅनोर थिएटर, दुसऱ्या बाजूला फ्रिक पार्क. गाडी आठवडाभर हलली नाही तरी अडत नाही. यात माझं काय चुकलं, सांग.

पिट्सबर्गने हे कुणा हौशी नियोजकाकडून मिळवलेलं नाही. शहर गाड्यांच्या आधीचं. टेकड्या आणि नद्यांच्या मध्ये दाटीने वसलेलं, कामगार पायऱ्या उतरून गिरणीत जायचे. सातशेहून जास्त सार्वजनिक जिने अजून आहेत. १९५० मध्ये पावणेसात लाख वस्ती होती, आता तीन लाखांच्या आसपास. पोलाद गेलं, माणसं गेली, पण दुकानांच्या गल्ल्या जागच्या जागी राहिल्या.

हिवाळा वाईट असतो, जिन्यांवर बर्फ गोठतो, आभाळ आठवडेच्या आठवडे करडं. हे सगळं खरं आहे आणि तरीही मी तेच सांगणार. पायी काय आहे, ते बघ. पिट्सबर्ग म्हणून क्रॅनबेरीसारख्या बाहेरच्या उपनगरात घर घेणार असशील, तर सरळ कॅरीला जा, हवा तरी बरी.

सही करण्याआधी दोन्हीकडे गाडी न घेता दोन-दोन दिवस राहा. संध्याकाळी कामावरून आल्यासारखी बाहेर पड आणि कांदे आणून दाखव. इकडे येशील तेव्हा विमानतळावरून २८ एक्स बस पकड, शहरातल्या ओकलंड भागात उतर, पुढे ६१ सी बसने मरे अव्हेन्यू. जेवायला माझ्याकडेच.

तुझी मावशी