डिस्ट्रस्ट, डाउट आणि मनातला किंतु

मागच्या अंकात ट्रस्ट आणि बिलीव्ह या शब्दांवर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आणि मेल आले आणि त्यात डिस्ट्रस्ट या एकाच शब्दावर इतके प्रश्न होते की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून फक्त गावं दिलीत.

प्रश्न : मी एका कंपनीत स्टोअर्सला आहे. महिनाअखेरीला स्टॉक जुळत नव्हता म्हणून साहेबांना इंग्रजीत मेल टाकला आणि त्यात लिहिलं, ‘आय डिस्ट्रस्ट युवर फिगर्स.’ मला म्हणायचं होतं की आकडे परत एकदा बघूया. साहेब दोन दिवस धड बोलले नाहीत. डिक्शनरीत तर संशय, अविश्वास असाच अर्थ दिलाय, मग चुकलं कुठे? (चाकण)

उत्तर : डिक्शनरी बरोबर आहे, तुमच्या मनातलंही बरोबर होतं, फक्त शब्द फार जड पडला. आपण मराठीत बोलताना हे आपोआप सांभाळतो बघा. शंका आपण विचारतो, अगदी वर्गात हात वर करून विचारतो, आणि तिचं निरसन होतं, कुणाला राग येत नाही. संशय येतो, मग बळावतो, कधी फिटतो, पण कुणावर संशय घेतला की समोरच्याला लागतं. आणि अविश्वास आपण दाखवतो, म्हणजे तोपर्यंत आपलं मत ठरलेलं असतं, विचारायचं काही उरलेलं नसतं. इंग्रजीतला डाउट साधारण आपल्या शंकेच्या शेजारी बसतो, सस्पिशन संशयाच्या, आणि डिस्ट्रस्ट थेट अविश्वासाच्या. तुम्हाला शंका विचारायची होती आणि मेलमध्ये गेला अविश्वास, त्यात पुढे ‘युवर’ लागला म्हणजे आकड्यांवरून गोष्ट माणसावर आली.

तिथे ‘द फिगर्स डू नॉट टॅली, कॅन वी चेक वन्स मोअर’ एवढं पुरलं असतं. आकडे जुळत नाहीत हे सांगायला भावनेचा शब्द लागतच नाही.

मग डिस्ट्रस्ट वापरायचा कधी, तर मागे काहीतरी घडलेलं असतं तेव्हा. समजा एका सप्लायरने तीन वेळा वजनात कमी माल पाठवला, प्रत्येक वेळी पुढच्या वेळी भरून देतो म्हणाला आणि दिला नाही, तर चौथ्या वेळी त्याचं चलन हातात घेताना जे वाटतं ते डिस्ट्रस्ट. आपण म्हणतो विश्वास उडाला, किंवा दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, ते हेच.

अजून दोन गोष्टी, कारण हे मेलमध्ये सगळ्यांचंच होतं. आपण ‘त्याच्यावर’ विश्वास ठेवतो म्हणून इंग्रजीतही ‘ऑन’ टाकतो, पण डिस्ट्रस्ट क्रियापद असेल तर मध्ये काहीच येत नाही, ‘आय डिस्ट्रस्ट हिम’, संपलं. नाम असेल तर ‘ऑफ’ येतो. आणि ‘आय ॲम डिस्ट्रस्टिंग’ असं चालू काळात लिहू नका, मनाची ही अवस्था इंग्रजीत साध्या वर्तमानकाळातच सांगतात. दुसरं म्हणजे डाउट आणि सस्पेक्ट एकमेकांच्या उलट चालतात हे लक्षात ठेवा, ‘आय डाउट ही विल कम’ म्हणजे तो येईलसं वाटत नाही, आणि ‘आय सस्पेक्ट ही विल कम’ म्हणजे बहुतेक येईलच. यात गफलत झाली तर मीटिंगला कोण येणार हेच उलटं कळतं.

साहेबांना मात्र मेलवर मेल टाकू नका. केबिनमध्ये जा आणि मराठीत सांगा, साहेब, शब्द चुकला, मला आकडे तपासायचे होते.

प्रश्न : एमपीएससीची तयारी करतेय. डिस्ट्रस्ट आणि मिसट्रस्ट यात फरक आहे का? एका क्लासमध्ये एकच म्हणतात, दुसऱ्या क्लासमध्ये वेगळे. आणि डिस्ट्रस्ट हा शब्द मुळात आला कुठून? (पुणे)

उत्तर : परीक्षेत समानार्थी म्हणून विचारले तर बिनधास्त समानार्थी म्हणून टाक, डिक्शनऱ्या त्यांना जवळजवळ एकच मानतात. पण लिहिणारे लोक त्यात एक बारीक छटा पाळतात आणि ती मला फार आवडते. मिस म्हणजे चुकीचं, जसं मिसटेक, मिसलीड. डिस म्हणजे उलट किंवा काढून घेतलेलं, डिसऑनेस्ट, डिसओबे. आता तू सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर रूम बघायला गेलीस असं धर. घरमालक गोड बोलतायत, डिपॉझिट कॅशच द्या म्हणतायत, पावतीचा विषय निघाला की चहा घेणार का विचारतायत. त्यांनी अजून काहीच वाकडं केलेलं नाही, पण मनात पाल चुकचुकते, एक किंतु राहतो. तो मिसट्रस्ट. आणि आधीच्या रूमवाल्याने भिंतीला खिळा मारला म्हणून अख्खं डिपॉझिट गिळलं असेल तर आता त्याच्या ओळखीने मिळणारी दुसरी रूमही तुला नको वाटते, तो डिस्ट्रस्ट. एकाला कारण दाखवता येत नाही, दुसऱ्याची तारीखसुद्धा सांगता येते.

शब्दाचं कूळही विचारलंयस म्हणून सांगते. ट्रस्ट हा उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आलेला, भक्कम, आधाराचं असा त्याचा मूळ भाव, आणि डिस हा उपसर्ग लॅटिनचा, म्हणजे दोन घरचे तुकडे जोडून हा शब्द झालाय. आपला विश्वास मात्र श्वस् या धातूवरून येतो, श्वास घेणं. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो तिथे विश्वास, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या शब्दाकडे बघत बसले होते.

प्रश्न : मुलगी दुसऱ्या शहरात इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहते. मी रोज रात्री तिला लोकेशन पाठवायला सांगते. परवा फोनवर म्हणाली, ‘आई, तू मला डिस्ट्रस्ट करतेस.’ शब्द फार लागला हो. तिला नक्की काय म्हणायचं असेल? (नाशिक)

उत्तर : ताई, आधी भाषेचं सांगते. ही मुलं फोन करणं, मेसेज करणं म्हणतात तसंच डिस्ट्रस्ट करणं म्हणतात, त्यात वावगं काही नाही. पण शब्द इंग्रजीतून आला की कधीकधी त्याची धार वाढते. तिने ‘तुझा माझ्यावर विश्वास नाहीये का गं’ असं विचारलं असतं तर तुम्हाला एवढं लागलं नसतं, कारण त्यात प्रश्न आहे, आणि विश्वास आत्ता नसला तरी बसेल अशी जागा आहे. आपल्याकडे विश्वास बसतो, डळमळतो, उडतो, परत बसतो. डिस्ट्रस्टमध्ये ती हालचाल ऐकू येत नाही, म्हणून तो बंद दारासारखा वाटतो.

आणि एक महत्त्वाचं. डिस्ट्रस्ट हा ज्याला वाटतो त्याच्या मनातला असतो, ज्याच्याबद्दल वाटतो त्याचा तो दोष असेलच असं नाही. म्हणून इंग्रजीत डिस्ट्रस्टफुल म्हणजे संशय घेणारा आणि अनट्रस्टवर्दी म्हणजे भरवसा ठेवण्यासारखा नसलेला, असे दोन वेगळे शब्द आहेत. मुलीला बहुतेक एवढंच म्हणायचंय की मी काही केलेलं नाही तरी तू तपासतेस.

आमच्या घरी आई दुधाचे खाडे कालनिर्णयवर लिहायची. स्वयंपाकघराच्या दाराजवळ खिळ्याला कॅलेंडर, त्यालाच दोऱ्याने बांधलेलं पेन, ज्या दिवशी दूध नाही त्या चौकटीत छोटी फुली, जास्त घेतलं तर अर्धा असं लिहिलेलं. दूधवाल्या काकांकडे त्यांची लांबट वही असायची. एक तारखेला दोघं दारात उभे राहून ताळा करायचे, आई कॅलेंडर खाली काढायची, काका बोटाने वहीतली ओळ धरायचे, आणि एखाद्या दिवसाचा फरक आला तर कधी आई म्हणायची असू दे तुमचंच बरोबर, कधी काका म्हणायचे वहिनी तुमचं धरा. कित्येक वर्षं हे चाललं आणि त्याला दोघांपैकी कुणी अविश्वास म्हटलं नाही, कारण नोंद दोघांकडे होती आणि दोघं एकमेकांना ती दाखवत होते. उलट काका गावी गेले की चावी आमच्याकडे ठेवून जायचे.

तुमचं लोकेशनचं एकाच बाजूने चाललंय, तिने पाठवायचं आणि तुम्ही बघायचं. तुम्हीही रात्री कामावरून किंवा बाहेरून निघालात की तिला लोकेशन पाठवा, आणि रोज मागण्याऐवजी उशीर होणार असेल तेव्हाच पाठवायचं असं दोघी मिळून ठरवा. तुमची काळजी खरी आहे, एकटी मुलगी परगावी असली की आईला झोप लागत नाही हे मला कळतं, पण ती काळजी तिच्यापर्यंत तपासणी होऊन पोचतेय आणि तिलाही ते तुमच्याइतकंच लागलंय.

प्रश्न : आमचे बाबा काहीही झालं की ‘विश्वास गेला पानिपतात’ म्हणतात. इथे वाढलेल्या नातवंडांना हे इंग्रजीत कसं सांगू? (न्यू जर्सी)

उत्तर : एका शब्दात नाही सांगता येणार, गोष्ट सांगावी लागेल. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतच्या तिसऱ्या लढाईत नानासाहेब पेशव्यांचा मोठा मुलगा विश्वासराव पडला. मुलाचं नाव आणि मनातला विश्वास एकच शब्द, त्यावरून ही म्हण पडली. डिस्ट्रस्ट म्हटलं तर अर्थ थोडासा पोचेल पण पोरगा पोचणार नाही. नातवंडांना आधी त्या दिवसाची गोष्ट सांगा, मग बाबांनाच ती म्हण म्हणायला लावा.

प्रश्न : गावात सरपंचावर अविश्वास ठराव आला. मी ग्रुपवर इंग्रजीत ‘डिस्ट्रस्ट मोशन’ लिहिलं, पुतण्या म्हणतो चुकलं. (करमाळा)

उत्तर : पुतण्याचं बरोबर आहे. इंग्रजीत त्याला ‘नो कॉन्फिडन्स मोशन’ म्हणतात. लोकसभेचंच बघा, तिथे असा ठराव दाखल करून घ्यायला किमान ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो, आणि सरकारने अमुक चूक केली असं कारण ठरावात लिहावं लागत नाही. प्रश्न एवढाच असतो की सभागृहाचं बहुमत सरकारच्या मागे आहे का. मोजदाद होते ती डोक्यांची, म्हणून डिस्ट्रस्टसारखा मनातला शब्द तिथे बसत नाही. पहिला असा ठराव ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरूंच्या सरकारवर आणला आणि तो पडला. १९७९ मध्ये आपल्या यशवंतराव चव्हाणांनी मोरारजी देसाईंच्या सरकारवर आणला तेव्हा मतदानाआधीच मोरारजींनी राजीनामा दिला. आणि १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मताने गेलं तो अविश्वास ठराव नव्हताच, तो सरकारनेच मांडलेला विश्वासदर्शक ठराव होता, २६९ विरुद्ध २७०. यात वर्तमानपत्रवालेसुद्धा गल्लत करतात म्हणून मुद्दाम सांगितलं.

प्रश्न : मोबाइल कंपन्यांवर अमेरिकेत ‘अँटीट्रस्ट’ केस अशा बातम्या येतात. लोकांचा विश्वासघात केला म्हणून केस का? (लातूर)

उत्तर : नाही, इथला ट्रस्ट वेगळा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मोठमोठ्या धंदेवाल्यांनी अनेक कंपन्यांचे शेअर मोजक्या विश्वस्तांच्या हाती एकत्र दिले, त्या रचनेला ट्रस्ट म्हणायचे, आणि त्यातून भाव आणि बाजार एकाच्याच मुठीत जायला लागला. तेलाच्या धंद्यातला स्टँडर्ड ऑइल हा त्यातला सगळ्यात गाजलेला. ते मोडायला १८९० मध्ये शर्मन कायदा आला, आणि त्याच कायद्याखाली १९११ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने स्टँडर्ड ऑइलचे तुकडे करायला लावले. नाव तेच चिकटून राहिलं. आपल्याकडे हे काम आधी १९६९ चा एमआरटीपी कायदा करायचा, आता २००२ चा स्पर्धा कायदा करतो. आपल्या देवस्थानांचे आणि शाळांचे जे ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेले असतात त्यांचा याच्याशी संबंध नाही. तेव्हा बातमीत अँटीट्रस्ट दिसलं की ‘मक्तेदारीविरोधी’ असं वाचा, बातमी लगेच कळेल.