बाबांची पेन्शन आत्ता की ५८ ला?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

बाबांची अंधेरीची कंपनी बंद पडली, आणि चाळीतले सगळे सांगतायत की पन्नाशी उलटलीय, पेन्शनचा अर्ज, म्हणजे फॉर्म १०-डी, भरून मोकळे व्हा. तसं करता येतं हे खरं. दहा वर्षं नोकरी भरली असेल तर ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन पन्नाशीनंतर मागता येते. पूर्ण पेन्शन मात्र ५८ ला. त्याआधी घेतली तर कमी पडणाऱ्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कापतात, आणि ती कपात कायमची. पुढे ५८ पूर्ण झाले म्हणून रक्कम वाढवून देत नाहीत. तेव्हा या महिन्यात त्यांना सही करू देऊ नकोस.

समजा, आजवरच्या १८ वर्षांवर त्यांना ५८ ला महिना ३,००० बसतात. आज ५४ व्या वर्षी घेतले तर अडीच हजारांच्या आसपास हातात येतील. नुसता आकड्यांचा हिशेब मांडला तर पारडं आधी घेण्याकडेच झुकतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. चार वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास मिळतील, आणि दरमहाच्या साडेचारशे-पाचशेच्या फरकाने ते भरून निघेपर्यंत बाबा ऐंशीच्या घरात पोचतील. शिवाय या पेन्शनला महागाई भत्ता नाही.

तरीही मी थांबा म्हणतो, कारण बाबा टर्नर आहेत. लेथवर हात बसलेला माणूस वसईला, अंबरनाथला, तळोज्याला आजही हवा असतो. पीएफ कापणारी नोकरी मिळाली आणि बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) १५,००० च्या वर असला, तर नोकरीच्या प्रत्येक वर्षाने पेन्शन महिना २१४ रुपयांनी वाढते. योजनेचं सूत्रच तसं आहे: १५,००० भागिले ७०. आणखी दोन वर्षं झाली की त्यांची २० पूर्ण होतात, आणि २० भरून ५८ ला निवृत्त होणाऱ्याला हिशेबात २ वर्षं वाढीव धरतात. एकदा पेन्शन सुरू केली की नव्या नोकरीची वर्षं त्यात मिळवत नाहीत. ठेकेदाराकडे लागले तरी हरकत नाही, फक्त पीएफ भरतो का ते आधी विचारा. ‘पीएफ नको, हातात जास्त देतो’ म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा जायचं नाही.

आणि आई. बाबांच्या मागे तिला त्यांच्या पेन्शनच्या निम्मी मिळणार. ती त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान आहे, म्हणजे आजची कपात सगळ्यात जास्त काळ तिलाच सोसावी लागेल. फॉर्मवर दोघांचा एकत्र फोटो लागतो, पण निर्णयाच्या वेळी तिला कोणी विचारत नाही. तू विचार.

वर्षभर शोधून पीएफची नोकरी नाहीच मिळाली आणि तुझ्या एकटीच्या पगारावर घर ओढलं जात नसेल, तर मात्र खुशाल घ्या. तेव्हा मीच फॉर्म भरून देईन.

तोवर कागद नीट करून ठेव. टाइम ऑफिसात असताना मी कितीतरी अर्ज नावाच्या स्पेलिंगमधल्या एका अक्षरावर अडकलेले पाहिलेत. आधार, पीएफ आणि बँक, तिन्हीकडे नाव आणि जन्मतारीख एकच हवी. पीएफच्या पासबुकात आधीच्या कंपनीची वर्षं यूएएनखाली (बाबांच्या कायमच्या पीएफ नंबराखाली) जोडली गेलीत का ते बघ, नाहीतर १८ ची ११ होतील. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी बाबांना स्वतः पीएफच्या पोर्टलवर टाकता येते. त्यासाठी वांद्र्याच्या पीएफ ऑफिसला हेलपाटे घालायची गरज नाही.

म्हातारपणी कणकवलीला जाऊन राहायचं म्हणतात ना ते? जाऊ देत. जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेत घेता येते, फक्त हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा.

रविवारी बाबांना घेऊन ये. येताना शेवटची पगारपावती आण. बेसिक आणि डीए किती ते बघितल्याशिवाय मला पुढचं काही सांगता येणार नाही.

तुझा,
काका